बोर्डावर काय हाय, मामा?

मी बोलतोय आणि भाची लिहितेय. माझ्या हातात पेन दिला तर मी त्यानं कान कोरीन, येवढंच माझं शिक्षण. चार वर्षं शाळेत गेलो, पण वर्गात कमी आणि मास्तरांच्या गाईमागं जास्त. गाय मला लांबून ओळखायची, अक्षरांनी काय ओळख दिली नाय. मास्तरांनी गाईकडं बघून दाखल्यावर चौथी पास लिहिलं. त्या दाखल्यावर मी नाशकातल्या एका कॉलेजात शिपाई झालो. म्हणजे नोकरी खरं तर गाईची हाय.

कॉलेजात सगळी पोरं मला मामा म्हणतात. नोटीस लावायचं काम माझं. ऑफिसातले भाऊसाहेब कागद देणार, मी काचेचा बोर्ड उघडून चार टाचण्या मारणार. वाचता येत नाय हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं. कागदाच्या तोंडावरून ओळखायचो. चौकटी असल्या की टाइमटेबल. मधी एकच ओळ जाड असली की सुट्टी. खाली तीन-चार सह्या असल्या की कुणाची तरी भरली.

एका वर्षी कॉलेजात एक पोरगी आली, नामपूरकडची. बी.ए.ला इतिहास घेतलेला. सातवीत असताना ताप आला आणि त्यात डोळे गेले. पहिल्याच आठवड्यात काठी टेकत बोर्डापाशी आली, काचेवर हात ठेवला आणि म्हणाली, "इथं कोणी आहे का? काय लिहिलंय ते सांगता का?"

मी शेजारीच उभा. नाय येत म्हणायला काय झालं होतं? पण मी म्हणलं, "हा, सांगतो की."

तेव्हापासून रोज. "बोर्डावर काय हाय, मामा?" माझी बोली उचलून मला चिडवायची. मी पण हुशार. बोर्डापाशी एखादं पोरगं उभं असायचंच. त्याला म्हणायचो, "काय रे, छपाई नीट दिसती का? वाच बघू मोठ्यानं." ते वाचायचं, मी तिला परत सांगायचो, वर दोन शब्द मीठमसाला. ती म्हणायची, "मामा, तुम्ही प्राध्यापक व्हायला पाहिजे होतं." मी म्हणायचो, "झालो असतो, पण मग घंटाभर उभं राहायला लागतं, ताई." दोघं हसायचो. हसण्यात तीन वर्षं गेली.

परीक्षेला तिला रायटर लागायचा. ती सांगणार, दुसऱ्यानं लिहायचं. नियम असा, की लिहिणारा तिच्यापेक्षा खालच्या वर्गातला पाहिजे, आणि त्याची परवानगी विद्यापीठाकडून आधी काढायला पाहिजे. परवानगी असली की तासाला वीस मिनिटं जास्त पण मिळतात. माझी ही भाची तेव्हा अकरावीला. तिचं नाव मीच सुचवलं. भाऊसाहेब म्हणाले, "मामा, तुम्हीच बसा की! तुमच्याहून खालचा वर्ग सरकारनं काढलेला नाही." ऑफिसात सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

आधीची दोन वर्षं एक मॅडम तिचा फॉर्म भरून घ्यायच्या. शेवटच्या वर्षी त्यांची बदली झाली. मग ती माझ्यावर विसंबली. "मामा, रायटरच्या फॉर्मची नोटीस लागली की लगेच सांगा. बी.ए. झालं तरच बी.एड.ला जाता येईल. घरचे म्हणतात, एवढं एक वर्ष, मग घरी."

"तू निवांत राहा ताई, मी हाय."

नोटीस आली त्या दिवशी गॅदरिंगची तालीम चालू होती. सगळी पोरं हॉलमधी. मी कागद लावला, त्याचं तोंड बघितलं. दोन परिच्छेद, खाली एकच सही. असाच कागद आदल्या महिन्यात गाड्या लावण्याबद्दल आला होता. तेवढ्यात ती आली. "बोर्डावर काय हाय, मामा?"

वाचायला बोर्डापाशी कुणी नव्हतं. मी म्हणलं, "काय नाय, पार्किंगचं हाय. तुझी मोटार नीट लावत जा."

ती लय हसली. काठी उचलून म्हणाली, "ही घ्या माझी मोटार." आणि गेली.

तोच तिचा कागद होता.

पुढं ती विचारायची तेव्हा मी नवीन लागलेल्या कागदांचंच सांगायचो. पेपरच्या दिवशी सकाळी भाची ओळखपत्र घेऊन आली. केंद्रप्रमुखांनी परवानगीचं पत्र मागितलं. पत्र कुठलं? ऑफिसात भाऊसाहेब म्हणाले, "फॉर्मच आला नाही हिचा. नोटीस लागली होती की."

ती ठामपणे म्हणाली, "नव्हती लागली. लागली असती तर मामांनी मला सांगितलं असतं."

"अगं, मामांनीच लावली. माझ्यासमोर."

"शक्यच नाही, सर. मामा रोज वाचून दाखवतात."

मी दारात पाण्याची बाटली धरून उभा होतो.

केंद्रप्रमुख म्हणाले, पुढच्या पेपरांसाठी फोनाफोनी करतो, आजचा पेपर स्वतः लिहायचा असेल तर बस. एका बाईंनी प्रश्न वाचून दाखवले आणि त्या बाकीच्या पोरांवर नजर ठेवायला गेल्या. ती बसली. सातवीपर्यंत लिहिलेलं हाताच्या ध्यानात होतं. डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवायची, उजव्यानं लिहायची.

पाणी द्यायचं काम माझं. शेवटी शेवटी मी तिच्या बाकापाशी गेलो. पेन भराभर चालला होता, कपाळावर घाम होता आणि पान कोरं होतं. पेन संपला होता. मला अक्षर कळत नाय, पण कोरं पान कळतं. मी मागची पानं उलटली. ती पण कोरीच.

"ताई, पेन चालत नाय."

तिचा हात थांबला. "कधीपासून?"

"चार पानं."

"किती वेळ राहिला?"

"दहा मिनिटं."

तिनं माझ्या खिशातला पेन मागितला. मी रुबाबासाठी एक पेन खिशाला लावतो, तो नुसता दिसायला. तो पण कोरडाच निघाला. बाईंनी त्यांचा दिला. दहा मिनिटांत काय होणार?

पेपर झाल्यावर ती पायऱ्यांवर बसली. मी खालच्या पायरीवर टेकलो आणि सांगून टाकलं. वाचता येत नाय. कधीच येत नव्हतं.

तिनं काठी आडवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मला दिसत नाही हे मी रोज दहा जणांना सांगते, मामा. तुम्हाला एकदा मला सांगता आलं नाही? मी कोणाला बोलले असते का?"

मला वाटलं एखादा विनोद करावा. पण मी नुसती पाण्याची बाटली तिच्याकडं सरकवली.

बाकीचे पेपर भाचीनं लिहिले, सगळे सुटले. तेवढा एक राहिला. एका पेपरानं बी.ए. अडलं, आणि त्या वर्षीचं बी.एड. गेलं. तिचा भाऊ येऊन तिला घरी घेऊन गेला. जाताना माझ्याशी बोलली. जेवला का मामा, येवढंच.

त्या पेपरची परीक्षा परत आली तेव्हा मी भाऊसाहेबांना सांगितलं, मला वाचता येत नाय, कागद वाचून दाखवा. ते हसले, मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले. फॉर्म मुदतीआधी गेला. परवानगी आली. मी नामपूरला फोन लावला. तिच्या आईनं उचलला. "ती घर नही शे. सांगसू मी तिले." घरी नाय, निरोप देते, असं त्यांच्या अहिराणीत. दुसऱ्यांदा लावला तेव्हा ती स्वतः बोलली. म्हणाली, "बघते, मामा. आता वाचून दाखवायला पण इथं कोणी नाही. आणि परत तिथं बसायचं म्हटलं की तो कोरडा पेन आठवतो."

"ये ताई. पेन भाची आणंल, तपासून आणंल."

"बघते."

परीक्षेच्या सकाळी भाची परवानगीचं पत्र घेऊन हॉलबाहेर उभी. नामपूरहून येणाऱ्या गाडीची येळ होऊन गेली होती. घंटा माझ्या हातात. अकराला द्यायची, मी देईना. केंद्रप्रमुख ओरडले, "मामा, झोपलात काय?" मी गेटाकडं बघत दोन मिनिटं तशीच घालवली. मग दिली.

भाची म्हणाली, "मामा, मी जाऊ का घरी?"

मी म्हणलं, "थांब जरा. अर्ध्या तासापर्यंत आत घेतात."

आम्ही पुरा अर्धा तास थांबलो, मग भाची पत्र घेऊन घरी गेली.