विलासला पळपुटा म्हणणारे

विलास पंगतीत कधी सगळ्यांआधी बसला नाही. ताट वाढलेलं असलं तरी उठून मांडवाबाहेर डोकावून यायचा. "मागं कोन ऱ्हायलं का?" हे त्याचं कायमचं विचारणं. न्हावऱ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. एकदा शिरूरचा बाजार करून सायकलींवर परतताना एकाची चेन तुटली आणि आम्ही बाकीचे पुढं निघून आलो. विलास वेशीवरून उलटा फिरला. त्याला घेऊन आल्यावर आमच्याशी बरेच दिवस बोलला नाही.

तो फौजेत गेला, मी कुरकुंभच्या कंपनीत लागलो. कारगिलच्या लढाईत तो बेपत्ता झाल्याचा निरोप आला. मागोमाग काहीच आलं नाही, आणि गावाची जीभ सुटली. सोसायटीचा चेअरमन पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "बेपत्ता म्हंजी पळाला. मेला असता तर पेटी आली असती." माणसं हसली. विलासची बायको सुनंदा दळणाचा डबा घेऊन तिथूनच चालली होती. पुढं तिच्या पोरीला शाळेत 'पळपुट्याची' म्हणू लागले. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं फळ्याकडं वळायचे.

काही वर्षांनी विलासच्या तुकडीतला एक जवान दौंडला रेल्वेनं उतरून घर शोधत आला. त्याचा एक पाय गुडघ्यापासून नव्हता. सुनंदानं मला बोलावून घेतलं. त्यानं सांगितलं, माघारीचा हुकूम आला तेव्हा हा जखमी होऊन डोंगरावरच पडला होता. विलासनं त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं.

"माझ्यासारखाच आनखी एक वर ऱ्हायला व्हता, वहिनी," तो खाली बघत म्हणाला. "त्याला आनायला पुन्हा गेला. मग तोफा सुरू झाल्या."

सुनंदा रडली नाही. पोरीला जवळ ओढून तिनं त्याला ते सगळं पुन्हा सांगायला लावलं.

ही बातमी पसरली आणि चेअरमन हार घेऊन हजर. निवडणूक तोंडावर होती. चौकाला विलासचं नाव द्यायचं म्हणाला. सुनंदा दारातच उभी राहिली.

"आधी पारावर चला. तवा काय म्हनला व्हता, ते खोटं व्हतं म्हनून माइकवर सांगा. माझ्या पोरीसमोर."

"सूनबाई, झालं गेलं कशाला उकरतीस?"

"मग हार परत न्या."

त्यानं नेला. त्या वर्षीही तोच निवडून आला, पारावर हसणाऱ्यांच्याच मतांवर. तेव्हापासून माइक त्याच्या हातात कितीदा आला. एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. चौकाला अजून नाव नाही.