व्याख्यानात लागलेली झोप

तिसगावच्या लंकाबाई मुलाकडे, नगरला सावेडीत राहायला आल्या तेव्हा नवरा जाऊन महिना-दीड महिना झाला होता. त्याआधी सहा-सात वर्षं तो लकव्यानं अंथरुणाला खिळून होता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीतून कितीदा तरी त्याची कूस बदलावी लागे. दिवसा शेत बघून लंकाबाईंनी ते एकटीनं केलं. आता उठायचं कारण उरलं नव्हतं, तरी डोळा लागला की त्या दचकून उठून बसत.

मुलगा राम कॉलेजात शिकवतो. त्यानं शेत वाट्यानं लावलं आणि आईला घेऊन आला. सून रुपाली मनापासून खूश झाली. दुसऱ्याच दिवशी ती सासूबाईंना कॉलनी दाखवायला घेऊन निघाली.

"हे आपलं वाचनालय. इथे सकाळी सगळे निवृत्त शिक्षक पेपर वाचायला येतात. त्या गच्चीवर गाण्याचा क्लास असतो. आणि ह्या बंगल्यात एक चित्रकार राहतात, आई."

फाटकाफाटकाशी कुणी ना कुणी भेटत होतं. सगळी माणसं चांगली, हळू बोलणारी. प्रत्येकजण विचारी, "तुम्हाला कशाची आवड आहे?" लंकाबाई नुसत्या हसत. बागेशी पोचल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "बसायला कुटं हाय का गं?"

रुपालीनं त्यांचं नाव भजनी मंडळात घातलं, योगासनांच्या वर्गातही घातलं. "वेळ कसा जातो कळणारसुद्धा नाही बघा," ती म्हणायची. पोरीचं मन मोडू नये म्हणून लंकाबाई सगळीकडे जात. टाळ वाजवत, हात वर करत, आणि घरी आल्या की चपला न काढताच पायरीवर बसून राहत.

जानेवारीत कॉलनीची व्याख्यानमाला असते. त्या संध्याकाळी पुण्याचे एक प्राध्यापक अभंगांतल्या निसर्गावर बोलणार होते. रुपालीला स्वागताला पुढे थांबायचं होतं, म्हणून तिनं सासूबाईंना खुर्शीद बाईंच्या शेजारी बसवलं. खुर्शीद बाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. मागच्याच गल्लीत एकट्या राहायच्या.

प्राध्यापकांचा आवाज खोल आणि संथ होता. दहा-पंधरा मिनिटांत लंकाबाईंची मान कलली आणि डोकं खुर्शीद बाईंच्या खांद्यावर टेकलं. थोड्या वेळानं घोरणं ऐकू येऊ लागलं. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून पाहिलं.

"झोपू द्या त्यांना," खुर्शीद बाई हळूच म्हणाल्या.

व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या, तरी लंकाबाई जाग्या झाल्या नाहीत. रुपाली लगबगीनं आली. शरमेनं तिचा चेहरा उतरला होता.

"आई, उठा ना. सगळे गेले."

"रुपाली, राहू दे. मला घाई नाही," खुर्शीद बाईंनी तिला थांबवलं. "तू बैस."

मंडपवाल्यांनी खुर्च्या एकावर एक चढवायला घेतल्या. ह्या तिघींच्या तेवढ्या ठेवल्या. बऱ्याच वेळानं लंकाबाईंना आपोआप जाग आली. रिकामा मंडप पाहून त्या ओशाळल्या.

"बाई, तुमचा खांदा आखडला आसंल."

"आखडलाय," खुर्शीद बाई खांदा चोळत म्हणाल्या. "माझी अम्मी अंथरुणावर होती तेव्हा मीच होते तिच्याजवळ. ती गेली आणि लोक सांगायला लागले, आता तरी हिंडा-फिरा. मला मात्र उभं राहवत नव्हतं."

लंकाबाई म्हणाल्या, "आसंच हाय बगा."

घराच्या दारात आल्यावर लंकाबाईंनी रुपालीचा हात धरला.

"तू लई करतीस माझ्यासाटी. पन आता मला कुटं न्यायचं न्हाई. थोडे दिस नुसतं पडू दे."

"मला वाटलं, तुम्ही एकट्या पडाल," रुपालीचे डोळे भरून आले.

"एकटी कदी पडलेच न्हाई गं मी. त्याचाच तर शीण हाय."

त्यानंतर भजनाचा निरोप आला की रुपालीच सांगायची, "त्या विश्रांती घेताहेत." कुणी विचारलं, किती दिवस, तर म्हणायची, "ते काही ठरवलेलं नाही." खुर्शीद बाई दुपारच्या यायच्या, खिडकीपाशी पुस्तक वाचत बसायच्या. कधी दोघी चहा घेत. कधी लंकाबाई झोपलेल्याच असत, मग बाई तशाच निघून जात. रात्रीची दचकून जाग अजून येई, पण रोज येत नसे.

उन्हाळ्यात राम शेताकडे चक्कर मारायला निघाला. आईला बरं वाटेल म्हणून त्यानं विचारलं, "येतेस का तिसगावला?"

लंकाबाईंनी डोळ्यांवरचा पदर बाजूला केला.

"तू जाऊन ये," त्या म्हणाल्या. "माझा शीण अजून गेला न्हाई."