बिस्किटं कुणी केली

आमची मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा होता, त्या वर्षी घरातली बिस्किटं, केक, पाव हे सगळं मीच करत असे. बायकोचं ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत. जे. पी. नगरहून ती सकाळी लवकरच्या बसने निघायची आणि परतायला दिवेलागण व्हायची. माझं काम घरून चालायचं, त्यामुळे मुलं माझ्याकडे. मुलगा ताट बघितलं की तोंड फिरवायचा, पण हातात धरून खाण्यासारखं काही दिलं की मुकाट्याने खायचा. रोज विकतची बिस्किटं नकोत म्हणून एक छोटा ओव्हन घेतला. त्यामागे याहून मोठा विचार नव्हता.

मीटिंग चालू असताना कॅमेरा आणि आवाज बंद करून मी पीठ मळायचो. एकदा अचानक माझं मत विचारलं गेलं तेव्हा दोन्ही हात लोण्याने माखलेले होते. आवाज सुरू करायला मुलाला सांगितलं. त्याने तो सुरू केला आणि "मला शी लागलीय" म्हणून सगळ्यांना सांगितलं.

त्या सुमारास आई निपाणीहून आमच्याकडे दोनेक महिने राहायला आली. वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी नाचणीचं पीठ भाजत होतो.

"हे काय करायलायस?"

"बिस्किटं."

"तुझ्या बायकोला येत नाहीत व्हय?"

"येतात. तिला कंटाळा येतो. मला आवडतं."

ती आत आली. माझ्या हातातलं उलथनं घेतलं आणि उरलेलं पीठ तिनेच भाजलं. मग हे रोजचंच झालं. मी काही करायला घेतलं की ती येऊन माझ्या हातातली वस्तू काढून घ्यायची. दारावरची बेल वाजली तर म्हणायची, "तू हो बाहेर, मी बघते इथलं." समोरच्या फ्लॅटमधल्या कन्नड बोलणाऱ्या अक्का कधीही यायच्या. त्या आल्या की मी पिठाच्या हातांनी हॉलमध्ये उभा असायचो आणि आई ओव्हनपाशी, ज्याचं एकही बटण तिला माहीत नव्हतं.

मग मुलीच्या शाळेत आजी-आजोबांना बोलावलं. येताना घरी केलेलं काहीतरी आणा, असा निरोप होता. मी नाचणीची बिस्किटं केली, गूळ आणि वेलची घालून. आईने ठेवणीतली इरकल साडी नेसली. मुलीने डबा घेतला. दोघी रिक्षाने गेल्या, मी मुलाजवळ थांबलो.

दुपारी परत आल्या तेव्हा मुलगी बूटही न काढता माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, आजी खोटं बोलली."

"काय झालं?"

"एका मुलाच्या आजीने विचारलं, 'नीवे माडिद्रा?' म्हणजे तुम्हीच केलीत का. तर आजी म्हणाली, 'हौदु.' हो म्हणाली!"

आई पंख्याखाली बसून पदराच्या पिना काढत होती. "मग काय सांगू?" ती म्हणाली. "पोराने केली म्हणून सांगू? त्या विचारणार, सून काय करते. मग पोरगा घरी का बसतो. एवढं सगळं कन्नडमध्ये सांगायला मला येतंय व्हय?"

"एवढं कुठे सांगायचंय?" मुलगी म्हणाली. "बाबाने केली, बस."

आईने पिना डबीत टाकल्या आणि पाणी प्यायला उठली. मला राग आला नाही. हसू आलं, आणि त्या हसण्याखाली काहीतरी बारीक टोचलं. ते काय होतं, हे बघायला मी गेलो नाही. मुलाला भरवायचं राहिलं होतं.

संध्याकाळी बायको मात्र पोट धरून हसली. "आई, सगळ्यांना आवडली ना? मग झालं तर," म्हणाली. मुलीला हे पटलं नाही. त्या रात्री ती आजीच्या कुशीत झोपायला गेली नाही.

सकाळी आई आंघोळ करून थेट ओट्यापाशी आली. "मला शिकव. मग खोटं राहणार नाही."

"कालचं खोटंच राहणार," मुलगी दारातून म्हणाली. थोडा विचार करून पुढे म्हणाली, "पण पुढची खरी होतील."

आईने माझं निम्मं ऐकलं. दूध मी सांगितलं त्याहून बेताने घातलं, आणि पीठ चांगलं जमलं. नाचणीचा रंग मुळातच तपकिरी, त्यामुळे बिस्किटं झाली की नाही हे वासावरून ओळखायचं. ओव्हनमधून काढली की ती मऊच लागतात, गार झाल्यावर कडक होतात. हे मी तिला सांगितलं आणि मुलाचे कपडे बदलायला गेलो. तेवढ्यात तिने बोट लावून बघितलं, कच्ची आहेत म्हणाली आणि परत आत ढकलली. मी आलो तेव्हा घरभर धूर होता.

आई सिंकपाशी उभी राहून ट्रे खरवडू लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला ताप आला की तुझे वडील भाकऱ्या करायचे. तुम्ही शाळेत गेल्यावर. दाराला आतून कडी घालून."

"त्यांना येत होत्या?"

"माझ्यापेक्षा पातळ थापायचे. कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती."

आमच्या घरात मी वडिलांना पाण्याचा तांब्याही स्वतः भरून घेताना बघितलं नव्हतं. मी विचारणार होतो, आणखी काय काय करायचे, पण मुलाने गुळाचा डबा उपडा केला होता. नंतर दुपारी विषय काढला तर म्हणाली, "आता काय त्याचं. गेले ते." मी पुन्हा विचारलं नाही.

दुसरा घाणा चांगला झाला. मुलीने एक बिस्किट खाऊन मान डोलावली. आईने ताटलीत चार घालून ती समोर अक्कांकडे नेली. दार उघडंच होतं. "नाने माडिद्दु," मीच केली, असं ती मोठ्याने सांगत होती. माझं नाव निघालं नाही. मुलगी माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती. "हे खरं आहे," ती मला म्हणाली.

आई निपाणीला परत गेली. पुढच्या वर्षी मुलगा शाळेत जायला लागला आणि तिथे इतर मुलांबरोबर बसून वरण-भात जेवू लागला. ओव्हन आता आठवड्यातून एखाद्या वेळी लागतो. आईचा फोन येतो तेव्हा ती हमखास विचारते, आज काय केलंस. मी सांगतो. तिच्याजवळ कुणी बसलेलं असलं तर "बरं बरं" म्हणून ती पावसापाण्याचं बोलायला लागते. एकटी असली तर गूळ किती घातलास, तूप किती, असं बराच वेळ विचारत राहते.