अरबी बोलणाऱ्या वेल्डरची इंग्रजी मुलाखत

नोकरी आखातात, मालक अरब, हाताखालची निम्मी माणसं अरबी बोलणारी, आणि मुलाखत इंग्रजीत! ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. कामगारांसाठीच्या सूचना मराठीत लावा म्हणून मी चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर पत्रकं वाटतो. चिडायला मला निमित्त लागत नाही. पण ज्यांची मुलाखत होती ते मात्र गार होते.

चाकणजवळ निघोज्यात माझ्या खोलीखाली त्यांचं वेल्डिंगचं शेड आहे. मूळचे बीडकडचे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. अकरा वर्षं आखातात वेल्डर होते, अरबीत भांडूही शकतात. आता तिथल्या एका पाइपलाइनच्या कामावर सुपरवायझरची जागा निघाली होती. पन्नाशी जवळ आलेली. ही हुकली तर पुन्हा कोण बोलावणार?

"चाचा, त्यांच्याच देशात त्यांची भाषा चालत नाही? ही गुलामी आहे!"

"तिथली जवान पोरंबी असंच म्हणतेत, भावा. म्हणतेत आन् क्लासला जातेत."

तिथं त्यांच्याबरोबर एक अरब स्टोअरकीपर होता. सगळं शिक्षण अरबीत झालेलं, आणि नोकरीच्या जाहिराती इंग्रजीत. मग तो आणि चाचा एकाच पुस्तकातून इंग्रजी शिकले. "मुलुख त्याचा, आन् अडलं की मला विचारायचा," चाचा हसले. मला हसू आलं नाही.

मुलाखतीत 'टूलबॉक्स टॉक' द्यायचा होता. म्हणजे काम सुरू करण्याआधी सुपरवायझर माणसांना उभं करून धोके सांगतो, ती पाच मिनिटं. मी इंग्रजीत पानभर लिहून दिलं. हक्क, जबाबदारी, मालकाचं कर्तव्य, सगळं ठासून. चाचांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"राव, हे ऐकून माणसं कामावर न्हाई जायची, संपावर जातील."

कागद घडी करून त्यांनी मला परत दिला.

गुरुवारी दुपारच्या नमाजनंतर मुलाखत झाली. मोबाइल वेल्डिंग रॉडच्या डब्याला टेकवलेला. पडद्यावर एक अरब इंजिनिअर आणि कंपनीच्या ऑफिसातली एक तरुणी. मी कोपऱ्यात उभा. चाचा आपल्याच इंग्रजीत सुरू झाले. गॅस तपासा. जळणारं सामान लांब ठेवा. नो परमिट, नो वर्क. मध्येच एका शब्दाला अडले. मी असतो तर काहीतरी ठोकून दिलं असतं. त्यांनी सरळ अरबीत विचारलं, याला इंग्रजीत काय म्हणतात? इंजिनिअरही अडखळला. शेवटी त्या तरुणीनं सांगितलं.

टॉक संपला आणि चाचा इंजिनिअरला म्हणाले, "नाऊ यू टेल मी."

मी कपाळाला हात लावला. मुलाखत घेणाऱ्यालाच प्रश्न! गेली नोकरी.

पण ही त्यांची रोजची रीत आहे. शेडमध्ये बिहारचा हेल्पर असो की लातूरचा, काय समजलं ते प्रत्येकानं आपल्या भाषेत सांगितल्याशिवाय चाचा मशीन चालू करू देत नाहीत. मी वरून रोज ऐकत होतो आणि त्याला त्यांचा हट्ट समजत होतो. हजारो पत्रकं वाटली मी. काय समजलं, असं एकालाही विचारलं नव्हतं.

इंजिनिअर हसला आणि अरबीत एकेक मुद्दा सांगू लागला. तो थांबला तसं चाचांनी बोट वर केलं.

"नो, सर. वन मिसिंग."

वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास एक माणूस तिथंच उभा राहतो, ठिणगी धुमसत तर नाही ना बघायला. नेमकं तेच सांगायचं त्याच्याकडून राहिलं होतं. इंजिनिअरनं मान खाली घालून ते वहीत लिहून घेतलं.

आठवड्यानं मेल आला. जागा मिळाली. खाली अट: सहा महिन्यांत इंग्रजीची परीक्षा पास करावी लागेल.

मी पेटलो. "त्यांच्या इंजिनिअरची चूक काढली तुम्ही, आणि परीक्षा तुमची? मी उत्तर लिहितो, चाचा. झणझणीत!"

"लिही की. पण आधी गाडी काढ. व्हिसाला फोटो लागतेत, आन् फोटोवाला दोनला शटर ओढतो."

मी गाडी काढली.