बाबूजींच्या कागदावरची लाल रेघ

बाबूजींच्या शब्दाखाली पहिली लाल रेघ उमटली तेव्हा मी अमेरिकेला शिव्या घातल्या.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. आंबागडच्या किल्ल्याखाली आमचं गाव. बाबूजी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. रिटायर झाले तरी शर्टाच्या खिशात दोन पेनं असायचीच, एक निळं आणि एक लाल. कोणी लग्नपत्रिका घेऊन आला की आधी ते पत्रिकेतलं इंग्रजी तपासायचे, चुकलेल्या शब्दाला लाल गोल करायचे आणि मगच विचारायचे, "कोनाचं लग्न आहे?" लोक हसायचे, पण पुढच्या वेळी पत्रिका छापायच्या आधीच दाखवायला आणायचे.

रविवारी सकाळी आमच्या घरापुढच्या छपरीत माणसं बसलेली असायची. इंग्रजी अर्ज लिहून घ्यायला. कोणाला वरठीच्या कारखान्यात लांब रजा हवी असे, कोणाच्या मुलीला नागपूरच्या कॉलेजात प्रवेश, कोणाला बँकेला पत्र. बाबूजी एका पैशाला शिवायचे नाहीत. वांगी, वालाच्या शेंगा, नव्या धानाचे तांदूळ, असं काहीबाही लोक स्वयंपाकघरात ठेवून जायचे. आई गेल्यावर तर त्या रविवारांवरच ते उभे होते. अर्ज लिहिणं सुटलं असतं तर गावातले 'सर' संपले असते आणि मागे एक एकटा म्हातारा उरला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच पुढचं सगळं झालं.

मी तुमसरला राइस मिलच्या ऑफिसात टायपिंगचं काम करते. सासर तिथलंच. दर रविवारी गावाला जाऊन बाबूजींचं पाहून यायचं, हा नेम. एरवी शेजारची काकू त्यांना दोन वेळा जेवायला द्यायची. त्यांचा हात थरथरायला लागला, अक्षर हलायला लागलं, तेव्हा ऑफिसातून काढून टाकलेला कॉम्प्युटर आणि प्रिंटर मी घरी आणून लावला. महिनाभरात ते एका बोटाने टाइप करायला शिकले. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

आणि मग ती लाल रेघ. एका शब्दाखाली, मग दुसऱ्या, मग ओळीच्या टोकाला तिसऱ्या. बाबूजी खुर्चीत मागे सरकले.

"हे काय आहे?"

"शब्द चुकला असं मशीनला वाटलं की ते अशी रेघ मारते."

"माह्या शब्दाखाली?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. आयुष्यभर लाल रंग त्यांच्या हातात होता, तो आता दुसरंच कोणी त्यांच्यावर चालवत होतं. त्या दिवशी छपरीत बसलेल्यांना त्यांनी परत पाठवलं. डोकं दुखतंय म्हणाले.

मी चिडले. मिलमध्ये मलाही हा त्रास झाला होता, त्यामुळे दुखणं कुठे आहे ते मला ठाऊक होतं. त्या लिहायच्या प्रोग्रॅमात भाषा अमेरिकेची इंग्रजी लावलेली असते. आपण शाळेत शिकलो ती इंग्रजी त्याला चूक वाटते. मी सेटिंगमध्ये गेले. इंग्रजीची यादी उघडली, तर त्यात कुठल्या कुठल्या देशांची इंग्रजी. भारताची सापडली. ती लावली, सगळा मजकूर निवडून पुन्हा तपासायला लावला आणि बऱ्याच रेघा पडद्यावरून पुसल्या गेल्या.

"पाहा बाबूजी. चूक तुमची नव्हतीच. हे मशीन अमेरिकेतलं होतं, त्याला आपलं इंग्रजी येत नव्हतं."

"मी म्हनलो नोतो काय!" ते एवढंच बोलले, पण उठून स्वतः चहा ठेवला. माझ्यासाठीही.

काही रेघा तरीही राहिल्या. तुमसर, वरठी, आंबागड, लोकांची आडनावं. भारताची इंग्रजी लावली तरी आमचा जिल्हा तिला कुठून माहीत असणार? मग मी त्यांना दुसरी गंमत दाखवली. शब्दावर उजवं बटण दाबायचं, 'शब्दकोशात घाला' म्हणायचं. रेघ जाते आणि पुन्हा कधी येत नाही.

"मंजे आपन सांगू थे हे शिकते?"

"तुम्ही सांगाल ते."

"मंग चांगला विद्यार्थी आहे," बाबूजी म्हणाले आणि गावाचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने त्यात घातलं.

त्या दिवशी पानावर आणखी एक रेघ होती. ती ना गावाखाली होती ना आडनावाखाली. 'अर्ज'साठी जो इंग्रजी शब्द आहे, त्याच्याच खाली. फळ्यावर तो शब्द बाबूजींनी किती वेळा लिहिला असेल, देव जाणे. मी पाहिली ती रेघ. बोट घसरलं असेल म्हणून ते चहा गाळत असताना गुपचूप शब्द नीट केला आणि त्यांना काही बोलले नाही.

पुढच्या रविवारपासून पानं स्वच्छ. एक रेघ नाही. छपरी पुन्हा भरायला लागली. मी गावाला पोचले की आधी दारातूनच पडद्याकडे नजर टाकायची. लाल काही दिसत नाही ना? नाही. मग मी भांडी घासायला, चादरी धुवायला, काकूशी गप्पा मारायला मोकळी. आमच्या मिलमध्ये तांदळाच्या पोत्यात टोकदार नळी खुपसतात, मूठभर दाणे काढून तळहातावर पाहतात आणि सगळी गाडी पास करतात. मी बाबूजींना तसंच पास करत होते. त्यांनी लिहिलेलं एकही पान मी वर्षभरात वाचलं नाही. वाचायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं.

मग एकदा रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ते बोडीच्या पाळीवर बसून राहिलेले सापडले. बोडी म्हणजे गावाच्या कडेचं छोटं तळं, आमच्या घरातून दिसतं. रोवणा करणाऱ्या बाया धानाच्या बांधीतून घरी निघाल्या तेव्हा त्यांना ते भिजत बसलेले दिसले. घराकडे कसं जायचं ते त्यांना आठवत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती.

मी त्यांना भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी चार प्रश्न त्यांना विचारले, मग मला.

"केव्हापासून आहे हे?"

"आत्ताच. पहिलीच वेळ."

"लिहिणं-वाचणं कसं आहे?"

इथे मी छाती फुगवून सांगितलं. दर रविवारी गावाचे इंग्रजी अर्ज लिहितात म्हटलं. एक चूक नसते, मी स्वतः तपासते. डॉक्टरांनी मान हलवली. एवढं लिहिणं शाबूत आहे तर घाबरू नका म्हणाले. वय आहे, एकटेपणा आहे, जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतो, सहा महिन्यांनी दाखवा. बाबूजी शेजारी बसून हे ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घातली. मला वाटलं, कौतुकाने लाजले.

थंडी सुरू झाली तेव्हा त्यांचा एक जुना विद्यार्थी मिलमध्ये मला भेटायला आला. वरठीच्या कारखान्यात आहे, आता त्याची मुलगी कॉलेजात जाते. मोटरसायकल बाहेर लावून तो बराच वेळ गेटजवळच उभा होता. मीच बाहेर गेले. त्याने खिशातून घडी घातलेले तीन-चार कागद काढले.

"ताई, राग नोका मानू. पोरीच्या होस्टेलचा अर्ज सराईकडून लिहून घेतला. थोडं पाहून घ्या."

मी तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागले. तारीख उजवीकडे, विषय मधोमध, खाली सहीची जागा, सगळं जिथल्या तिथे. आणि आत शब्दच नव्हते. शब्दांसारखं दिसणारं काहीतरी होतं. अक्षरं पुढची मागे, मागची पुढे, एक वाक्य मध्येच सुटलेलं, तेच वाक्य खाली पुन्हा. दुसरा कागद जुना होता, तो थोडा बरा. तिसरा त्याहून जुना, त्यात चार-पाचच चुका.

"हे कधीपासून चाललंय?"

"दोन रोवने झाले असतीन."

"आणि तुम्ही मला आज सांगता?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गावात सगळ्यांना माहीत होतं. रविवारी लोक नेहमीसारखे यायचे, सरांसमोर बसायचे, कागद घेऊन त्यांच्या पाया पडायचे आणि सोमवारी तुमसरला एखाद्या कॉम्प्युटर सेंटरवर जाऊन तोच अर्ज नव्याने करून घ्यायचे. कोणी कोणाला असं करायला सांगितलं नव्हतं. ज्याला त्याला तसंच सुचलं.

"सराले कोन सांगन, ताई? त्याईनं आमाले शिकवलं. आन तुमी दर रविवारी येऊनच राहिल्या होत्या. आमाले वाटलं, तुमाले माहीत असन."

मी त्याला नाही नाही ते बोलले. तुम्ही गावकरी असे नि तसे, माझ्या बापाचा तमाशा पाहत बसलात. त्याने सगळं ऐकून घेतलं. कागद माझ्याच हातात ठेवून तो मोटरसायकलला किक मारून निघून गेला, तेव्हा मला माझीच शिसारी आली. तो बिचारा वरठीहून तेवढ्यासाठी आला होता.

डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. इतक्या चुका असताना पडद्यावर रेघ एकही कशी नाही? बाबूजींनी तपासणी बंद केली असेल, असं मी धरून चालले. रविवारी गावाला गेले. ते आंघोळीला गेले तसा कॉम्प्युटर उघडला. तपासणी चालू होती. भाषाही भारताचीच इंग्रजी, मी लावली होती तशीच.

मग मी शब्दकोश उघडला.

त्यात मी आणि त्यांनी मिळून घातलेले दहा-बारा शब्द असायला हवे होते. यादी खाली खाली सरकवत गेले, ती संपेना. 'आदरणीय'साठी ते लिहायचे तो इंग्रजी शब्द सहा-सात तऱ्हांनी. शाळेचा शब्द. मुलगी या अर्थाचा शब्द. गावाचं नाव, जे पहिल्या दिवशी बरोबर घातलं होतं, त्याच्या खालोखाल त्याचीच मोडकी रूपं. माझ्या आईचं नाव चार प्रकारे, आणि त्यातला एकही प्रकार आईचा नव्हता. जिथे जिथे यंत्राने लाल रेघ मारली तिथे तिथे बाबूजींनी उजवं बटण दाबलं होतं. यादी वर्णानुक्रमे होती, तिच्यात तारखा नव्हत्या. कोणता शब्द कधी गेला, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

मी खूप रडले. तोंडात पदर कोंबून, न्हाणीघरात ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यांना कळत होतं का, हे मला आजही माहीत नाही. चूक आपली आहे हे ओळखून ते माझ्यापासून लपवत होते, की यंत्रच अडाणी आहे असं समजून त्याला शिकवत होते? लपवत असतील तर लपवायची युक्ती मी दिली. शिकवत असतील तर 'चूक तुमची नव्हतीच' हेही मीच सांगितलं होतं. डॉक्टरसमोर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मला आता रोज आठवतं.

पुन्हा भंडाऱ्याला दाखवायला न्यायचं होतं. या वेळी पुरावा न्यावा म्हणून मी त्यांचा त्याच आठवड्यातला अर्ज छापला आणि टेबलावर ठेवून कपडे वाळत घालायला घरामागच्या सांदवाडीत गेले. परत आले तर बाबूजी अंग पुसून, शर्ट घालून टेबलाशी बसले होते. हातात लाल पेन. थरथरत्या हाताने ते त्या कागदावर गोल करत होते. काही गोल चुकीच्या शब्दांना होते, काही चांगल्या शब्दांनाही. पान लालेलाल झालं होतं.

मी तशीच दारात उभी राहिले. शेवटच्या ओळीपर्यंत तपासून त्यांनी खाली मार्क द्यायची जागा शोधली, पेन तिथे टेकवलं आणि न लिहिताच उचललं.

"कोनाचा पेपर आहे हा?"

"आहे एका विद्यार्थ्याचा."

"मांडनी बरोबर आहे. पोरगा शिकला होता चांगला." त्यांनी चष्मा काढला आणि कागद माझ्यापुढे धरला. "पन आता याच्या घरी याच्याकडे कोनी पाहूनच नाही राहिलं वाटते."

"नाही, बाबूजी," मी म्हटलं. "कोणी पाहिलं नाही."