छातीवरची रेघ

"कार्सिनोमा आहे," पेणच्या डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याकडे बघून सांगितलं. गाठ माझ्या डाव्या स्तनात, सुई मला टोचलेली, आणि निकाल मात्र नवऱ्याला! सुई म्हणजे बायोप्सी. गाठीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवतात, ती. मी म्हटलं, "डॉक्टर, इकडे बघून बोला. कार्सिनोमा म्हणजे काय?" तेव्हा कुठे त्यांनी चष्मा काढला. "कॅन्सर. पण घाबरू नका, अजून पसरलेला नाही."

नशीब म्हणायचं, माझी अक्कल नव्हे. गाठ मला भर हंगामात हाताला लागली होती. आमचा हमरापूरला मूर्तींचा कारखाना आहे आणि डोळ्यांची आखणी माझ्याकडे असते. मूर्ती कुणीही रंगवो, डोळे मी काढायचे, हे लग्न झाल्यापासून ठरलेलं. त्या दिवसांत शेडमधून उठायची सोय नसते. म्हटलं, गणपती रवाना होऊ देत, मग बघू. मग देवीच्या मूर्ती आल्या, मग दिवाळी, मग मार्गशीर्षातले गुरुवार. हे वाचणाऱ्या बायांनो, माझ्यासारखा मूर्खपणा करू नका. गाठ लागली तर हातातला ब्रश तसाच ठेवा आणि उठा.

जानेवारीत ऑपरेशन झालं. गाठ काढली, केमोची गरज पडली नाही. उरली रेडिओथेरपी, म्हणजे किरणांचा उपचार. वीस दिवस, रोज एक बैठक, शनिवार-रविवार सुट्टी. हॉस्पिटल पनवेलच्या पुढे. सकाळी एसटी, मग रिक्षा, मग बाकड्यावर दोन-दोन तास.

तोवर गावाने निदान करून टाकलं होतं. आमच्या शेडमागे मोबाइलचा टॉवर आहे. "टॉवरखाली बसतेस म्हणून झालं गो तुला," असं जी ती येऊन सांगायची. एवढं ठाऊक होतं तर आधी का नाही बोललात? आणि तो टॉवर काय मी एकटीने डोक्यावर घेतलाय? अख्खी आळी त्याच्याखाली राहते. मी आजारी आणि वर दोषही माझाच! ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

उपचाराच्या आधी सिम्युलेशन झालं. म्हणजे सीटी स्कॅन काढून किरणं नेमकी कुठे द्यायची ते ठरवतात. तिथल्या टेक्निशियन मुलीने जांभळ्या मार्करने माझ्या छातीवर रेघा आणि फुल्या काढल्या. "या पुसू नका हं, मावशी," म्हणाली. "का गं?" विचारलं तर पुढच्या पेशंटला हाक मारत निघूनही गेली. तेवढ्यात शेजारची बाई म्हणाली, "पुसली तर सगळं पहिल्यापासून करतात. माझे चार दिवस गेले." मी तेवढंच डोक्यात धरलं.

सात बैठका झाल्या आणि रविवारी रोह्याहून माझा धाकटा भाऊ आला. धाटावला एका कंपनीत आहे, शिफ्ट सुटली तसाच मोटारसायकलवर आलेला. दारातच लांब बसला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणे, "ठेव तिथंच." माझ्या हातातून घेईना!

"ताई, बंद कर हे," तो म्हणाला. "आमच्याकडं पाइपाचे जोड तपासायला अशीच किरणं आनतात. लाल रिबन बांधतात, भोंगा देतात, अख्खी शिफ्ट लांब काढतात. मानसाला उभं राहू देत नाय. आनि तुला रोज त्याच्याखाली निजवतात? बरी व्हायला चाललीस का मरायला?"

तो उगीच घाबरणारा नाही. टॉवरवाल्यांना मी गप्प करू शकत होते, त्याला काय सांगू? मलाच काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "उद्या मी येतो तुझ्याबरोबर. डॉक्टरला सांगू, आम्हाला नको."

दुपारी आरशात बघितलं तर घामाने खालची रेघ पार फिकट झालेली. पुन्हा सगळं पहिल्यापासून म्हटलं असतं तर भावाला उपचार सोडायला निमित्तच मिळालं असतं, आणि खरं सांगते, मलाही. तेव्हा मी जे केलं ते फक्त आमच्या पेण-हमरापूरची बाईच करू शकते. आखणीचा सगळ्यात बारीक ब्रश घेतला, जांभळा रंग कालवला आणि आरशासमोर उभी राहून ती रेघ स्वतः गिरवली. इतक्या गणपतींचे डोळे काढलेला हात. म्हटलं, त्या पोरीच्या मार्करपेक्षा शंभर पटीने सरस काढीन.

सोमवारी टेबलावर आडवी झाले. खोलीत हिरवा लेझरचा प्रकाश अंगावरच्या रेघेशी जुळवून बघतात. ती मुलगी एकदा वाकली, दोनदा वाकली. मग म्हणाली, "मावशी, इतकी सुबक रेघ आमची नाही. कुणी काढली?"

मशीन सुरूच केलं नाही. किरणांचा उपचार बघणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. भावालाही बाहेरून बोलावलं. "तुम्हाला पुसू नका म्हणून सांगितलं होतं ना?" त्या चिडून म्हणाल्या. "रेघ जवळजवळ एक सेंटिमीटर सरकलीय! मागे हृदय आहे तुमचं!"

मीही उठून बसले. गाऊन सावरला आणि तोंड सोडलं. "पुसली नाही, गिरवली! का पुसायची नाही ते मला कोणी सांगितलं? विचारलं तर पोरगी पळाली. अहो, मी डोळे आखते. केसभर रेघ चुकली तर देव तिरळा दिसतो, हे मला तुम्ही शिकवणार? मागे हृदय आहे एवढं कळलं असतं तर मी ब्रश उचलला असता का?"

डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं आणि आमच्यासमोर बसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

त्या म्हणाल्या, "आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो. पेशीने कसं वागायचं, आपल्यासारखी दुसरी पेशी कशी बनवायची, ते त्यात लिहिलेलं असतं. आमची किरणं तो डीएनए तोडतात. कॅन्सरच्या पेशीचा तोडतात आणि शेजारच्या चांगल्या पेशीचाही. पण चांगली पेशी बहुतेक वेळा तो पुन्हा सांधून घेते. कॅन्सरच्या पेशीला ते नीट जमत नाही, म्हणून ती पुढे वाढताना मरते. म्हणून रोज थोडं थोडं द्यायचं, चांगल्या पेशींना सावरायला वेळ द्यायचा."

भावाने विचारलंच, "मग आमच्याकडं रिबन का बांधतात?"

"बरोबरच करतात. ती किरणंही याच जातीची. तिथे माणसाच्या अंगावर ती पडायचं काही कारणच नाही. इथे मोजून, नेम धरून देतो. तो नेम म्हणजे ही रेघ." मग माझ्याकडे वळल्या. "आणि मशीन बंद झालं की किरणं संपली. तुमच्या अंगात काही राहत नाही. कुणालाही जवळ घ्या."

मी टॉवरचंही विचारून घेतलं. त्याच्या लहरींत डीएनए तोडण्याइतका जोर नसतो, त्या फार तर किंचित ऊब देतात, असं त्या म्हणाल्या. टॉवरमुळे कॅन्सर होतो असं अजून तरी ठोस सापडलेलं नाही. एवढं सांगायला पाच मिनिटं लागली. फक्त पाच मिनिटं! ती पहिल्या दिवशी का नाही मिळाली?

त्या दिवशी बैठक झाली नाही. रेघा नव्याने काढल्या, दोन दिवस वाया गेले. परत येताना एसटीत भाऊ माझ्या शेजारी बसला, अगदी खेटून. पनवेल मागे पडलं तसा माझ्या पिशवीतली बाटली काढून तोंड लावून पाणी प्यायला आणि म्हणाला, "तेरा रायल्यात ना? मी शिफ्ट बदलून घेतो."

तेरा पूर्ण केल्या. कातडी काळवंडली, काखेत सोलली, थकवा तर असा की भाकरी थापताना बसावं लागे. आता बरी आहे. गोळी चालू आहे, दर तीन महिन्यांनी तपासणी. डॉक्टरीणबाईंचे आणि त्या पोरीचे उपकार विसरणार नाही, पण राग गेलेला नाही. माझी रेघ सुबक होती म्हणून त्या पोरीला संशय आला. एखादीची रेघ साधी, मार्करसारखीच दिसली असती तर?

शेवटच्या दिवशी हेच डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "खरंय. तुम्हीच लिहून द्या, भिंतीवर लावते." त्यांना वाटलं कागदावर देईन. मी आठवड्याने हातभर लांब पाटी रंगवून नेली. रेघ का पुसायची नाही, मागे काय असतं, फिकट झाली तर काय करायचं, सगळं मोठ्या अक्षरांत. शेवटची ओळ वाचून ती पोरगी म्हणाली, "मावशी, हे कशाला लिहिलंत? लोक हसतील."

"हसू देत," मी म्हटलं. "पण लक्षात तेच राहील."

पाटी आता बाकड्यांसमोर आहे. परवा तपासणीला गेले तेव्हा एक बाई बोटाने ओळी लावत वाचत होती. शेवटाला आली तशी तिने छातीवरचा पदर अलगद सैल केला आणि घासू नये म्हणून रेघेवरून बाजूला धरला. पाटीवर शेवटी लिहिलंय, "घरी गिरवू नका. मी गिरवली होती."