आत्याला विचार

गल्लीत त्याला सगळे रेडिओ म्हणतात, आणि उगाच नाही म्हणत. सलूनचं शटर वर गेलं की याचं तोंड सुरू, ते थेट शटर खाली ओढेपर्यंत. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचा अवकाश, "बाजूनं बारीक ना? वर आहे तसंच ना? पोराचं जमलं म्हणे, मुलगी नोकरी करते ना?" गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड आवळलेलं, कानाशी कात्री. तो बापडा काय बोलणार? हूं म्हणतो. रेडिओ त्या हूंला स्वतःची चार वाक्यं जोडतो, आणि संध्याकाळी गल्लीभर बातमी. स्वभावाला औषध नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. पण माणूस मनानं चांगला हो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची दाढी घरी जाऊन करून देतो आणि पैशाचं नाव काढत नाही.

तर या रेडिओची आई गेली. जायच्या आधी तिनं एकदा त्याचा हात धरला आणि म्हणाली, "तुला एक बहीण आहे. थोरली. तू पोटात होतास तेव्हा देऊन टाकली. घरात खायला नव्हतं रे."

रेडिओला वाटलं, तापात बरळतेय. तरी त्यानं विचारलं, "कुणाला दिली?"

आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "आत्याला विचार. तिनंच नेऊन पोचवली. माझ्यानं बघवलं नसतं."

पन्नाशी उलटल्यावर माणसाला बहीण मिळाली, आणि मिळालीच नाही, असली ही गत. त्याला चैन पडेना. बसच्या रांगेत साठीकडे झुकलेली बाई दिसली की हा तिच्या नाकाकडे बघत उभा, कारण आईचं नाक जरा डावीकडे वाकलेलं होतं. एकीनं तर छत्रीच उगारली. बायको म्हणाली, "शोधायचंय तर नीट शोधा. लोकांच्या बायकांची नाकं बघत हिंडाल तर मार खाल. आत्याबाईंकडे जा, आणि ऐकलेलं विसरता म्हणून फोनवर रेकॉर्ड करून आणा."

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. नव्वदीला टेकलेली, लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. कान शाबूत, पण डोळ्यांना उजेड-अंधार एवढंच कळतं. त्या काळातलं आता तेवढं एकच माणूस उरलेलं. रेडिओ तिच्याकडे गेला आणि परत आला तो जवळजवळ नाचतच. "अगं, ट्रकवाल्या काकांना दिली! बाबांचे दोस्त ते, मूलबाळ नव्हतं त्यांना. मला वाटतच होतं! ताईला पुढं बसवून नेली, ड्रायव्हरशेजारी. रडलीसुद्धा नाही पोरगी!" आणि हे सांगताना स्वतःच ढसाढसा रडला.

आता ट्रकवाले काका शोधायचे. गावातल्या वाचनालयात रविवारी सकाळी फुकटचा वर्ग भरायचा, आपल्या घराण्याचा इतिहास कसा शोधावा, याचा. शिकवायला शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या बाई. रेडिओ पहिल्या बाकावर. वर्गात एकाला आपले पूर्वज कुणी बडे सरदार निघावेत अशी हौस, दुसरीला भिंतीवर लावायला वंशवृक्ष हवा होता. याला फक्त एक माणूस हवं होतं, तेही जिवंत.

बाई शिकवायच्या छान. शाळेच्या दाखल्यांची रजिस्टरं कशी मागायची, दवाखान्यातल्या जन्मनोंदी, जुनी वर्तमानपत्रं, वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर वर्षावर्षांच्या मतदारयाद्या. "पण कागदाला नावानं हाक मारावी लागते," त्या म्हणायच्या. "नाव नसेल तर कागद ढिम्म हलत नाही." ताईच्या देण्याघेण्याची कुठं नोंद नव्हती, तिचं नावही नव्या घरानं बदललेलं असणार. म्हणजे नेणाऱ्या घराचं नाव हीच काय ती किल्ली. आणि ती आपल्या खिशात आहे, या आनंदात रेडिओ. रविवारी ऐन गर्दीच्या वेळी सलून बंद ठेवून त्यानं याद्या पालथ्या घातल्या. काकांचा एक पत्ता सापडला, मग दुसरा, आणि शेवटी टायरच्या दुकानात बसलेला त्यांचा पुतण्या.

पुतण्यानं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि मान हलवली. "काका-काकूंनी मूल कधी घेतलंच नाही हो. काकू शेवटपर्यंत त्याच दुःखात गेली. मी त्यांच्याच घरात वाढलो. तुमच्या ताईएवढाच असेन मी. मला माहीत नसेल होय?"

रेडिओच्या पायाखालची जमीन सरकली. तसाच उठून तो बाईंकडे गेला. बाईंनी एवढंच विचारलं, "ट्रकवाल्यांचं नाव आधी कुणी काढलं? तुम्ही की आत्यांनी?"

"आत्यानंच की!"

"रेकॉर्डिंग आहे ना? लावा बघू."

लावलं. रेडिओचा आवाज आला, "आत्या, आमच्या ताईला कुणाला दिली गं?" मग आत्याचा, सावकाश. "तिला होय... तिला त्या..." आणि लगेच पुन्हा रेडिओ, "ट्रकवाल्या काकांना ना? त्यांना मूल नव्हतं ना?" आत्या जरा थांबली. "हो. त्यांनाच." "पुढं बसवली असेल ना, ड्रायव्हरशेजारी?" "पुढंच बसवली." "रडली नाही ना गं?" "नाही. शहाणी पोर."

बाईंनी फोन बंद केला. "म्हाताऱ्या माणसाला प्रश्नातूनच उत्तर दिलं की ते उत्तर त्याचंच होऊन बसतं," त्या म्हणाल्या. "हे मी तिसऱ्या रविवारी शिकवते. पण तुम्ही तर वर्गात यायच्या आधीच जाऊन आला होतात." त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण फोन त्यांनी हलकेच त्याच्या हातात ठेवला.

घरी येऊन रेडिओनं ते "तिला त्या..." पुन्हा पुन्हा लावलं. त्या कोण? त्या मास्तरांना? त्या शेजारणीला? बायकोनं शेवटी फोन हातातून काढून घेतला. स्वतःची जीभ हासडून टाकावी असं त्याला वाटत होतं, पण आता हात चोळण्यापलीकडे करणार काय?

तरी तो पुन्हा आत्याकडे गेला. या वेळी नीट विचारलं. "आत्या, ताईला कुठं नेलीस?" आत्यानं धडाधडा सांगितलं. ट्रक, पुढची सीट, आणि आता तर काकांनी पोरीला हॉर्नसुद्धा वाजवू दिला होता. "त्यांना नव्हती गं दिली, आठव ना," तो काकुळतीला आला. आत्या चिडली. "मी खोटं बोलते होय? माझ्या डोळ्यांसमोर आहे सगळं!"

बाईंनी एक शेवटचा उपाय सांगितला. मुद्द्याचं काही विचारू नका, जुन्या घराचं विचारा आणि गप्प बसा. माणूस बोलत बोलत आपणच तिथवर येतं. रेडिओ गेला, खाटेशी बसला. "आत्या, तेव्हाचं आपलं घर कसं होतं गं?" एवढं बोलून त्यानं ओठ गच्च मिटले.

"घर? घरासारखं घर," आत्या म्हणाली, आणि थांबली.

रेडिओ गप्प. जन्मात कधी इतका गप्प बसला नव्हता. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

"आहेस ना रे?" आत्यानं विचारलं.

"आहे."

"रागावलास?"

"नाही गं."

तो पुन्हा गप्प बसला. म्हातारीनं चाचपडत त्याची बाही शोधली आणि घट्ट धरली.

"असा गप्प नको रे बसू. मला भीती वाटते. काय चुकलं माझं? तू सांग ना, कुणाला दिली ती. तू म्हणशील तसं म्हणते मी."

रेडिओनं तिचा हात आपल्या हातात घेतला.

"ट्रकवाल्या काकांना दिली, आत्या," तो म्हणाला.

"तेच म्हणतेय ना मी," आत्या म्हणाली, आणि निवांत झाली.